मैत्रीला व्हरांडा लागतो

पुण्यात वसतिगृहात राहून शिकलेल्या कुणालाही त्याच्या जिवाभावाच्या मित्रांची नावे विचारा. चार-पाच नावे येतील, आणि थोडे खोदून विचारले तर त्यातली निम्मीअधिक एकाच मजल्यावरची, पुष्कळदा एकाच ओळीतल्या खोल्यांतली निघतील. महाविद्यालयात हजारो मुले होती, वर्गात शंभर-सव्वाशे होती, आपल्याच तालुक्यातून आलेली दहा-वीस होती. एवढ्या सगळ्यांतून आयुष्यभराची माणसे निवडायला वाव होता. प्रत्यक्षात निवड केली ती रेक्टरच्या ऑफिसबाहेर लागलेल्या खोलीवाटपाच्या यादीने. कुणाचे कुणाशी पटेल याचा विचार ती यादी करणाऱ्या कारकुनाने केलेला नव्हता. गुणवत्ता, प्रवर्ग आणि अर्जाचा क्रमांक एवढेच त्याच्यापुढे होते.

आता सदाशिव पेठ, नारायण पेठ, कर्वेनगर, कात्रज या भागांत चक्कर मारा. विजेच्या खांबांवर ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’ असे कागद चिकटवलेले दिसतील. एका खोलीत तीन किंवा चार कॉट. प्रत्येकाचे भाडे वेगळे, डबा वेगळा, झोपायची वेळ वेगळी. एक एमपीएससीचा, एक फार्मसीचा, एक नुकताच नोकरीला लागलेला. इथे दोन माणसांतले अंतर वसतिगृहापेक्षाही कमी. दोन कॉटांमध्ये धड चप्पल ठेवायला जागा नसते. तरीही वर्षभराने बॅग उचलून दुसरीकडे गेलेल्या मुलाकडे पहिल्या खोलीतल्या माणसाची खूण म्हणून पुष्कळदा फोनमधला ‘रूम पार्टनर’ नावाचा एक नंबर एवढेच उरते.

म्हणजे जवळ राहिल्याने मैत्री होते हे खरे, आणि नुसते जवळ राहून ती होत नाही हेही खरे. या दोन्ही गोष्टी एकदम कशा खऱ्या असू शकतात, हे समजून घेतले की वसतिगृह नावाची जागा नेमके काय करते ते कळते. माझे म्हणणे असे की मैत्री टिकते ती स्वभावामुळे, पण सुरू होते ती जागेच्या आणि दिनक्रमाच्या रचनेमुळे. आणि ही रचना माणसांच्या हातातली असल्याने ती मोडताही येते. पुण्यात सध्या ती मोडते आहे.

दारांमधले अंतर

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेने विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत उभारली. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तीन मानसशास्त्रज्ञांनी तिथल्या रहिवाशांना साधा प्रश्न विचारला: तुमचे जास्तीत जास्त येणेजाणे कुणाकडे आहे? त्यांचे पुस्तक १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. दुमजली इमारती, प्रत्येक मजल्यावर ओळीने पाच घरे, दोन दारांमध्ये जेमतेम सहा मीटर. घरे मिळतील तशी वाटलेली, त्यामुळे शेजारी कुणी निवडलेला नव्हता. तरी लगतच्या दाराच्या शेजाऱ्याचे नाव घेतले जाण्याचे प्रमाण ४१ टक्के निघाले. एक घर सोडून पलीकडे ते २२ टक्क्यांवर आले आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये १० टक्क्यांवर. टोकाचे घर म्हणजे तरी किती लांब? चालत अर्धा मिनिट. पण तेवढ्याने फरक पडला.

अंतर मीटरमध्ये मोजून भागत नाही, हेही याच अभ्यासात दिसले. जिन्याच्या पायथ्याशी ज्यांची घरे होती त्यांची वरच्या मजल्यावर अधिक मैत्री होती, कारण वरचे लोक रोज त्यांच्या दारावरून जात-येत. म्हणजे महत्त्वाचे ठरते ते वाट कुठून जाते हे. पुण्यातल्या जुन्या वसतिगृहांमध्ये ओळीने खोल्या, समोरून सलग व्हरांडा आणि टोकाला न्हाणीघर अशी बांधणी पाहायला मिळते. सकाळी बादली आणि टॉवेल घेऊन निघालेला मुलगा आठ-दहा उघड्या दारांवरून जातो. गरम पाण्याची वेळ ठरलेली, म्हणून सगळे एकाच वेळी रांगेत. तिथे कुणी कुणाशी ओळख करून घ्यायला आलेले नसते, आणि ओळख होण्याचे कारण नेमके तेच आहे. ठरवून भेटायचे तर फोन करावा लागतो, वेळ जुळवावी लागते, समोरचा नाही म्हणाला तर ते पचवावे लागते. न ठरवता झालेल्या भेटीत यातले काहीच नसते. इस्त्री कुणाकडे आहे, उद्याच्या सबमिशनची पाने किती, प्रिंटआउट कुठे स्वस्त मिळते, एवढ्या तेवढ्या कारणाने बोलणे निघते आणि आवडले नाही तर दोन वाक्यांत संपते. कुणाचा अपमान होत नाही.

दिसण्याचा परिणाम

दुसरी पायरी जरा चकित करणारी आहे. बोलणेही आवश्यक नसते. नुसते वारंवार दिसल्यानेही माणूस बरा वाटू लागतो. रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. पुढे १९९२ मध्ये रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी पिट्सबर्गमध्ये एक देखणा प्रयोग केला. दिसायला साधारण सारख्या चार तरुणी त्यांनी निवडल्या आणि त्यांतल्या तिघींना एका मोठ्या वर्गाच्या सत्रात विद्यार्थिनी म्हणून बसवले. एक अजिबात आली नाही, दुसरी पाच तासांना आली, तिसरी दहा, चौथी पंधरा. त्यांनी कुणाशी बोलायचे नाही अशी अट होती. सत्राच्या शेवटी वर्गाला चौघींचे फोटो दाखवले, तेव्हा जी जास्त वेळा आली होती तिच्याविषयीचे मत जास्त चांगले निघाले. तिला आपण कुठे पाहिले आहे हे बहुतेकांना सांगताही येत नव्हते.

यामागचे कारण समजायला अवघड नाही. अनोळखी माणसासमोर मन थोडे सावध असते. तो पुन्हा पुन्हा दिसला आणि काही वाईट घडले नाही, की हळूहळू ती सावधगिरी उतरते. हे उतरणे आपल्या नकळत होते, म्हणून आपल्याला वाटते की तो माणूसच आवडला. जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात मित्या बॅक आणि सहकाऱ्यांनी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या परिचयसभेत चिठ्ठ्या काढून जागा दिल्या. वर्षभराने पाहिले तर त्या एका दिवशी जे शेजारी बसले होते त्यांच्यात मैत्री अधिक घट्ट होती. हा अभ्यास २००८ चा. एका सभेतली शेजारची खुर्ची वर्षभर पुरते, तर वर्षभराची शेजारची खोली काय करील याचा अंदाज यावरून यावा.

मेसचे ताट आणि तासांचा हिशेब

मात्र परिचय म्हणजे मैत्री नव्हे. परिचयापासून मैत्रीपर्यंत जायला तास लागतात, आणि ते किती हे मोजण्याचा एक प्रयत्न कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ च्या सुमारास केला. नव्या गावी राहायला आलेली प्रौढ माणसे आणि विद्यापीठात नुकतेच दाखल झालेले विद्यार्थी यांची त्यांनी पाहणी केली.

> चौकट: ओळखीपासून मैत्रीपर्यंत
> नुसत्या ओळखीचा माणूस वरवरचा मित्र व्हायला: सुमारे ५० तास
> वरवरचा मित्र खरा मित्र व्हायला: एकूण सुमारे ९० तास
> जवळचा मित्र व्हायला: एकूण २०० हून अधिक तास
> वर्गात किंवा कामाच्या जागी सोबत काढलेले तास यात फारसे कामी येत नाहीत. गप्पा, जेवण, खेळ, नुसते बसणे यांत गेलेले तास येतात.

हे आकडे काटेकोर नियम म्हणून घेऊ नयेत. पण त्यांवरून एक हिशेब मांडता येतो. महाविद्यालयात ओळख झालेल्या, लांब राहणाऱ्या मुलाला दर रविवारी तीन तास भेटायचे ठरवले तर २०० तास व्हायला सदुसष्ट रविवार लागतील, म्हणजे सव्वा वर्ष. वसतिगृहात दुपारचे आणि रात्रीचे जेवण मिळून रोज एक तास मेसमध्ये आणि रात्री एक तास व्हरांड्यात गेला, तर तेच तास शंभर दिवसांत भरतात. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाताना मुलाच्या डोळ्यांत पाणी येते, त्यामागे इतके तास असतात.

हे सगळे दही लावण्यासारखे आहे. विरजण चमचाभर पुरते, पण दूध कोमट असावे लागते आणि भांडे काही तास एका जागी, न हलवता ठेवावे लागते. पहिली ओळख हे विरजण. जेवण, गप्पा, रात्रीचा चहा यांनी येते ती ऊब. आणि न हलवणे म्हणजे तीच माणसे त्याच जागी टिकून राहणे. कॉट बेसिसच्या खोलीत विरजण पडलेले असते, पण तिघांचे डबे तीन वेळांना येतात, प्रत्येक जण कानात हेडफोन घालून आपल्या कॉटवर जेवतो, आणि चार-सहा महिन्यांत एक जण जागा सोडतो.

मेसचे तर स्वतंत्र शास्त्र आहे. गावी जाण्याआधी खाडे सांगायचे, म्हणजे तेवढ्या दिवसांचे पैसे कापले जात नाहीत. ते सांगायचे राहिले तर मित्र आठवणीने सांगतो. रविवारी दुपारी फीस्ट, आणि रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या बहुतेक मेस बंद. ही रविवारची बंद संध्याकाळ मैत्रीच्या दृष्टीने आठवड्यातली सर्वांत महत्त्वाची वेळ म्हणायला हवी. खायचे काय हा प्रश्न सगळ्यांपुढे एकाच वेळी उभा राहतो. मग चौघे मिळून भुर्जीपावाच्या गाडीवर जातात, पैसे कुणी एक देतो, हिशेब महिनाअखेरीस होतो किंवा होतही नाही. उसने दिले-घेतल्याने, खाड्याची आठवण ठेवल्याने, आजारपणात खोलीवर ताट आणून दिल्याने माणसे एकमेकांना थोडी थोडी बांधील होत जातात. नुसत्या सहवासाने हे होत नाही.

पुणे विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘पॅरासाइट’ हा शब्द सर्रास चालतो. ज्याला वसतिगृहात जागा मिळाली नाही आणि जो मित्राच्या खोलीत गादी टाकून राहतो, तो पॅरासाइट. हे नियमाविरुद्ध आहे आणि जागांच्या टंचाईतून आले आहे. त्याचे कौतुक करावे असे नाही. पण या व्यवस्थेत काय लागते ते पाहा. दोघांच्या खोलीत तिसरा झोपतो, रेक्टरची तपासणी आली की शेजारच्या तीन खोल्या त्याला सावरून घेतात, मेसचे कार्ड त्याच्यासाठी फिरते. त्याच्यासाठी आख्खा व्हरांडा थोडी थोडी जोखीम घेतो. कुणाची खोली कोणती एवढे माहीत असून हे जमत नाही. कोण तोंड उघडणार नाही हेही माहीत असावे लागते.

बरोबरीचे ताट: कोल्हापूर, सातारा, पुणे

आता या रचनेतला सर्वांत मोलाचा घटक: बरोबरी. महाराष्ट्रात गरीब विद्यार्थ्याची सोय करण्याची जुनी रीत वारावर जेवण्याची होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. त्यात पोट भरत असे, आणि ज्यांनी वार दिले त्या घरांचे उपकार खरेच. पण मुलगा पंगतीला बसे तो आश्रित म्हणून, आणि त्याच्यासारखाच दुसरा मुलगा त्या वेळी दुसऱ्याच कुठल्या तरी घरी जेवत असे. पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने, आजच्या पुणे विद्यार्थी गृहाने, अशा मुलांना एका छपराखाली आणले. माधुकरी मागावी लागली तरी माघारी येऊन जेवायचे ते आपल्यासारख्यांच्या सोबतीने. हा बदल वरवर पाहता जेवणाच्या जागेचा. खरे तर तो नात्याचा होता.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी आधी सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. तिथे बहुजन मुलांना जागाच उरली नाही, तेव्हा १९०१ पासून त्यांनी समाजवार बोर्डिंगे उभी केली: मराठा, जैन, लिंगायत, मुस्लीम, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. जातवार वसतिगृहे काढल्याबद्दल त्यांना दोष देणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. पण ज्याला दारातच घेतले जात नाही त्याला आतल्या सहवासाचा काय उपयोग, हा महाराजांपुढचा प्रश्न होता, आणि त्यांचे उत्तर योग्यच होते असे मला वाटते. त्यापुढची पायरी याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी चढली. १९२४ मध्ये साताऱ्याला त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि वसतिगृहाची कामेही मिळून करत. त्या काळी सहभोजनावर सभा होत आणि भांडणे होत. इथे मुलांना भूक लागली की रोज सहभोजन होत होते.

भाऊरावांनी जे केले त्याचे तत्त्व गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये पुस्तकात मांडले. दोन समाजांची माणसे नुसती समोरासमोर आणल्याने पूर्वग्रह जात नाहीत; ती बरोबरीने यावी लागतात, त्यांच्यापुढे एकच काम असावे लागते, ते एकमेकांच्या मदतीशिवाय होऊ नये, आणि वरच्या अधिकाऱ्यांचा त्याला पाठिंबा असावा. भारतात याची चांगली चाचणी मॅट लोव या अर्थशास्त्रज्ञाने घेतली. उत्तर प्रदेशात त्याने क्रिकेटच्या स्पर्धा भरवून १,२६१ तरुणांतून चिठ्ठीने निवडलेले खेळाडू चिठ्ठीनेच संघांत वाटले. काही संघ एकाच जातीगटाचे, काही मिश्र. जे वेगळ्या जातीच्या मुलांबरोबर एका संघात खेळले त्यांच्या जातीबाहेरच्या मैत्र्या वाढल्या. जे वेगळ्या जातीच्या मुलांविरुद्ध खेळले त्यांच्यावर परिणाम उलटा झाला. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दिल्लीच्या खासगी शाळांत गरीब मुलांना राखीव जागा मिळाल्यावर श्रीमंत मुलांवर काय परिणाम झाला, हे गौतम राव यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे: श्रीमंत मुले अधिक उदार झाली आणि गरीब मुलांना दूर ठेवण्याची वृत्ती कमी झाली. यात एका गटात बसून केलेला अभ्यास विशेष उपयोगी पडला.

पुण्यात हा धागा तुटलेला नाही. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहांत खेड्यापाड्यांतून आलेली मुले-मुली स्वावलंबनाच्या शिस्तीत राहून शिकत आली आहेत. विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्याच नावाने चालते. त्या कामात दोघांनी मिळून एका बागेला पाणी घातले, तर ते बोलणारच.

‘पण आमच्याकडे लातूरचे लातूरकरांबरोबरच बसतात’

पहिला आक्षेप हाच येतो, आणि तो खरा आहे. मेसमध्ये लातूरचे टेबल असते, जळगावचे असते, विदर्भाचे असते. जिल्ह्याच्या नावाखाली पुष्कळदा जातही बसलेली असते. मग रचनेचा प्रभाव कुठे गेला? मिशिगन विद्यापीठात थिओडोर न्यूकम यांनी १९५४ पासून दोन वर्षे, दर वर्षी सतरा अनोळखी विद्यार्थ्यांना एका घरात राहायला देऊन त्यांच्या मैत्र्या आठवड्या-आठवड्याला टिपल्या. सुरुवातीला खोलीची जवळीक प्रभावी होती. सत्र संपत आले तेव्हा ज्यांची मते जुळत होती ते एकमेकांजवळ सरकले. म्हणजे साम्य महत्त्वाचे आहेच. पण कोणते साम्य? पहिल्या दिवशी दिसते ते बोलीचे, आडनावाचे, जिल्ह्याचे. विनोदाची जात जुळते का, अडचणीला धावतो का, अभ्यासाची रीत पटते का, हे कळायला सहवास लागतो. खोलीची यादी जिल्ह्याप्रमाणे लावली तर मुले पहिल्याच साम्यावर थांबतात. मिसळून लावली तर दुसरे साम्य सापडायची शक्यता तरी राहते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जवळिकीने शत्रूही तयार होतात. कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीत एबेसन आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवले की लोकांना नकोसे असलेले शेजारी मित्रांपेक्षाही जवळ राहत होते. आवाज, कचरा, वाहने लावण्याच्या जागा यांवरून भांडणे होत होती. रॅगिंग तर वसतिगृहांचा कलंकच आहे. महाराष्ट्राने १९९९ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये देशभरासाठी नियम केले, तरी तक्रारी येतच राहतात. माझे उत्तर असे की ही उदाहरणे मूळ म्हणणे खोडत नाहीत; त्यातली अट ठळक करतात. रॅगिंगमध्ये जवळीक आहे, पण बरोबरी नाही, आणि वरच्यांचा पाठिंबा असलाच तर तो गप्प बसून चुकीच्या बाजूला. ऑलपोर्टच्या अटी काढून घेतल्या की तोच व्हरांडा छळाची जागा होतो. म्हणून रेक्टर रात्री फेरी मारतो की नाही, तक्रार करणाऱ्याचे नाव फुटते की नाही, या गोष्टी मैत्रीच्या विषयाबाहेरच्या मानू नयेत.

तिसरा आक्षेप अबोल मुलांचा. सतत माणसांत राहणे सगळ्यांना मानवत नाही. याची दखल अँड्र्यू बॉम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी १९७० च्या दशकात घेतली. लांबलचक व्हरांड्यावर तीसेक मुलांनी एक न्हाणीघर वापरायचे, आणि चार-सहा मुलांचा छोटा गट करून त्यांना स्वतंत्र बैठकीची खोली द्यायची, अशा दोन प्रकारच्या वसतिगृहांची त्यांनी तुलना केली. माणशी जागा जवळपास सारखीच. लांब व्हरांड्यावरची मुले कंटाळून स्वतःला मिटून घेत. बाहेरही अनोळखी माणसापासून दूर बसत. पुढे बॉम आणि डेव्हिस यांनी १९८० मध्ये एका लांब व्हरांड्याच्या मध्यात दारे बसवून त्याचे दोन भाग केले, आणि त्याने मुलांचा कोंडमारा कमी होऊन मिसळणे वाढले. गाठ वारंवार पडावी, पण ती त्याच पंधरा-वीस जणांशी. शंभर वेगवेगळ्या चेहऱ्यांशी नव्हे. शंभर जणांच्या गर्दीत कुणाशी बोलायला सुरुवात करावी हेच कळत नाही.

मोबाइलचा आक्षेप मी शेवटी घेतो, कारण तो सर्वांत सोपा वाटतो आणि आहे अवघड. फोनमुळे गावाकडची जुनी मैत्री तुटत नाही, ही मोठी सोय आहे. पहिल्या महिन्यात घरची आठवण येऊन रडणाऱ्या मुलीला फोनने आधार दिला आहे. पण फोनवर आपण आधीच निवडलेली माणसेच भेटतात. ज्याला आपण कधी निवडले नसते, तो फक्त पाण्याच्या कूलरपाशी भेटतो. मुलींच्या वसतिगृहांत तर संध्याकाळी गेट लवकर बंद होत असल्याने ग्रंथालय, टपरी, कट्टा या जागा हातातून जातात. त्यांच्यासाठी इमारतीच्या आत बसायची चांगली जागा असणे ही चैन नव्हे.

पैसे दिले, पंगत गेली

वसतिगृहांच्या जागा कमी पडतात म्हणून राज्य सरकारने दुसरा मार्ग घेतला आहे. २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या खात्यावर राहण्या-जेवणाची रक्कम जमा होते. या योजनेने कित्येकांचे शिक्षण वाचवले आहे. तिला विरोध करणे अन्यायाचे होईल. तरी रक्कम आणि वसतिगृह या एकच गोष्टी नव्हेत. रकमेतून कॉट भाड्याने मिळते. वरच्या वर्गातला मुलगा, जो अर्ज कुठे भरायचा आणि कोणत्या सरांना भेटायचे हे सांगतो, तो मिळत नाही. ज्याच्या घरात शिकलेले कुणी नाही त्याला अशा मुलाची गरज सर्वांत जास्त असते.

२०१८ मध्ये हाच प्रश्न दुसऱ्या रूपात पुढे आला. आदिवासी वसतिगृहांतली मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात देण्याचा निर्णय झाला, आणि जुलैमध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. पैसे अपुरे, ते वेळेवर येत नाहीत, स्वयंपाकात अभ्यासाचा वेळ जातो, या त्यांच्या तक्रारी होत्या आणि त्या रास्त होत्या. त्यात मी आणखी एक जोडीन: मेस गेली की मुलांना दिवसातून दोनदा एकत्र आणणारी एकमेव जागा जाते. नव्या खासगी वसतिगृहांत उलट्या टोकाने तेच घडते आहे. एकट्याची खोली, आत न्हाणीघर, खोलीवर येणारा डबा, अशी जाहिरात असते आणि पालकांना ती आवडते. त्यात मुलाला खोलीबाहेर पडण्याचे एकही कारण शिल्लक राहत नाही.

पहिले काही आठवडे

हे सगळे ज्यांच्या हाती आहे त्यांना फार खर्च न करता बरेच करता येते. खोलीची यादी मिसळून लावावी. मेसमध्ये लांब बाके ठेवावीत, म्हणजे चार खुर्च्यांचे बंद टेबल होत नाही. अभ्यासिका इमारतीच्या आत, येण्याजाण्याच्या वाटेवर असावी. पेठांतल्या खासगी अभ्यासिकांमध्ये मुले दिवसाचे दहा-बारा तास शेजारी बसतात, पण तिथे बोलायला मनाई असते. बाहेर चहाला जायच्या वेळा जुळल्या तरच ओळख होते. तिथल्या चालकांनी दहा माणसे बसतील असा एक ओटा बांधला, तरी पुष्कळ झाले.

सर्वांत दुर्लक्षित राहतात ते उशिरा येणारे. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, वसतिगृहाची दुसरी-तिसरी यादी लागेपर्यंत वर्ग सुरू होऊन महिना गेलेला असतो, गट बनलेले असतात. नव्या मुलाला वाटते, आपण यांना नको आहोत. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात येल विद्यापीठातले, एकत्र राहणारे पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही होते. समोरच्याला आपण जितके आवडतो त्यापेक्षा कमीच आवडतो असा माणसांचा समज असतो, आणि या विद्यार्थ्यांत तो वर्षाचे बरेच महिने टिकला. नव्या मुलाची भीती बहुधा खोटी असते, पण ती खोटी आहे हे त्याला सांगून कळत नाही. त्याच्या दारावरून माणसे जात राहिली, थांबून काहीबाही विचारत राहिली, तर कळते. म्हणून शेवटच्या यादीतल्या मुलांना उरलेली कोपऱ्यातली खोली देण्याची रीत बदलावी. जिन्याजवळची, कूलरसमोरची, सगळ्यांना गोंगाटाची म्हणून नकोशी असलेली खोली त्यांच्यासाठी राखून ठेवावी.